फुटलेली व्यवस्था आणि सहा शेवट



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी कामगार कायद्यावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. गेली तीस वर्षे मी त्याच विषयावर बोलत आलो आहे, आणि ऐकणारेही आता कंटाळले असतील. मी त्यांना म्हटले, यंदा एका व्हिडिओ गेमवर बोलतो. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग मोठ्या सौजन्याने म्हणाले, "बोला, तरुण मंडळी येतील." तरुण मंडळी आलेली दिसतात; पण पुढच्या रांगांत माझ्या वयाची माणसेही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी मला मुळापासून सांगावे लागेल. ज्यांनी हा खेळ संपवला आहे त्यांनी थोडा धीर धरावा, आणि ज्यांना तो अजून खेळायचा आहे त्यांनी हवे तर आताच उठून चहाला जावे, कारण मी सगळे शेवट सांगून टाकणार आहे.

माझा अधिकार काय, तेही सांगतो. दहावीनंतर मी लेथवर उभा राहिलो. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, शब्दकोश शेजारी ठेवून न्यायालयांचे निवाडे वाचता वाचता. हा खेळ मी स्वतःच्या हाताने फार थोडा खेळलो आहे. माझी बोटे त्या यंत्राला वळत नाहीत. पहिल्या तासाभरात मी इतक्या वेळा मेलो की मुलीने माझ्या हातून ते काढूनच घेतले. खेळली ती, आणि मी शेजारी खुर्ची ओढून बसलो. मात्र वाचनाचे काम माझ्याकडे आले, आणि या खेळात ते काम लहान नाही. येथे कथा कोणी सांगत नाही. वाटेत एखादी तलवार सापडते, मेलेल्या माणसाच्या अंगावरचा सदरा मिळतो, त्याखाली तीन-चार ओळींचे टिपण असते, आणि साऱ्या जगाचा इतिहास अशा शेकडो टिपणांत विखरून ठेवलेला असतो. करारनाम्यातली बारीक अक्षरे वाचण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे हे काम मला जमले आणि आवडलेही.

खेळाचे नाव 'एल्डन रिंग'. जपानमधील फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीने तो तयार केला आणि २५ फेब्रुवारी २०२२ रोजी तो प्रसिद्ध झाला. दिग्दर्शन हिदेताका मियाझाकी यांचे. खेळ सुरू होण्यापूर्वीच्या काळाचे पुराण जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन कादंबरीकाराने रचून दिलेले. २०२४ च्या जून महिन्यात त्याला एक मोठी पुरवणी निघाली, पण तिने मूळ खेळाच्या शेवटांत भर घातली नाही. शेवट सहा होते, ते सहाच राहिले.

आता पुराण थोडक्यात. या भूमीवर एक आकाशाएवढा सोनेरी वृक्ष आहे आणि मारिका नावाची देवत्व पावलेली राणी आहे. जगाचे सारे नियम ज्या एका वस्तूत गोवलेले आहेत ती एल्डन रिंग. बोटात घालायची अंगठी असे समजू नका, राज्यघटना समजा. या घटनेतले एक कलम मारिकेने फार पूर्वीच उपटून बाजूला ठेवले होते, ते म्हणजे मृत्यूचे. त्यामुळे तिच्या राज्यात खरे मरण उरले नाही. पुढे कोणीतरी त्या बाजूला ठेवलेल्या कलमाचा तुकडा चोरला, त्याची खंजिरे केली, आणि एका रात्री मारिकेचा मुलगा गॉडविन मारला गेला. त्यानंतर मारिकेने स्वतःच्या हाताने ती रिंग फोडली. तिच्या मुलाबाळांनी एकेक तुकडा बळकावला, त्यांच्यात युद्ध पेटले, आणि त्या युद्धात कोणीही जिंकले नाही.

आपण खेळू लागतो ते या युद्धानंतर. आपला नायक 'टार्निश्ड', म्हणजे झळाळी गेलेला. ज्यांच्यावरची कृपा एके काळी काढून घेऊन ज्यांना देशाबाहेर घालवले होते आणि काम अडल्यावर ज्यांना परत हाक मारली, अशांपैकी तो एक. हे टिपण मी वाचून दाखवले तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, म्हणजे बदली कामगार की!" मी काही उत्तर दिले नाही, पण यापेक्षा नेमके भाषांतर मला करता आले नसते.

या बदली कामगाराने तुकडे जमवायचे, रिंग सांधायची आणि रिकाम्या गादीवर बसायचे, असे त्याला सांगण्यात येते. हे सांगणारी असतात 'दोन बोटे'. एका खोलीत उभी असलेली ही अक्षरशः प्रचंड दोन बोटे आहेत. ती हालतात, आणि शेजारी बसलेली एक म्हातारी त्यांच्या हालचालीचा अर्थ सांगते. वरचा साहेब कधी दिसत नाही, त्याच्या मर्जीचा अर्थ लावणारे मधले लोक तेवढे दिसतात. ही रचना कोणत्याही कारखान्यात नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

पुष्कळांचा असा समज असतो की अनेक शेवटांचा खेळ म्हणजे परीक्षेतल्या श्रेणी: चांगला खेळलात तर चांगला शेवट, वाईट खेळलात तर वाईट. येथे तसे नाही. शेवटची लढाई सर्वांची एकच. ती जिंकल्यावर मारिकेच्या दगडासारख्या भंगलेल्या देहासमोर आपण उभे राहतो, हात लावतो, आणि पडद्यावर एक यादी येते. त्या यादीत किती ओळी असतील ते तुमच्या तलवारीवर ठरत नाही. साठ, ऐंशी, शंभर तासांच्या प्रवासात तुम्ही कोणाकोणापाशी थांबलात, कोणाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतलेत, यावर ते ठरते. जो कोणापाशीच थांबला नाही त्याच्या यादीत एकच ओळ असते. तो मारिकेचे तुटलेले डोके उचलून पुन्हा धडावर ठेवतो आणि गादीवर जाऊन बसतो. या युगाला खेळानेच 'भंगाचे युग' म्हटले आहे. गादी मिळाली, पण फुटलेले फुटलेलेच राहिले.

मुलीच्या पहिल्या प्रवासात आम्ही हाच शेवट पाहिला. तिला आनंद झाला, कारण ती फार मोठ्या लढाईनंतर तेथे पोहोचली होती. मला मात्र तो गादीवर बसलेला वीर पाहून एक जुनी गोष्ट आठवली, ती सांगतो.

२००८ साली एका कारखान्यात आमचे मागणीपत्र होते. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. एकंदर चौदा मागण्या. त्यांतली अकरावी कंत्राटी कामगारांना कायम करण्याची. सात महिने बोलणी चालली. शेवटी व्यवस्थापनाने सांगितले, अकरावी सोडा, बाकीच्यांवर आज सही करतो. मी सही केली. वाढ चांगली मिळाली होती, पेढे वाटले गेले, माझ्या गळ्यात हार पडला. संध्याकाळी गेटबाहेर सफाईची आणि माल चढवणारी माणसे उभी होती. त्यांतल्या एका बाईने विचारले, "अण्णा, आमचं काय ठरलं?" मी म्हटले, पुढच्या करारात बघू. पुढचा करार येईपर्यंत कंत्राटदार बदलला होता आणि ती माणसे कोठे गेली ते मला कळले नाही.

असो. खेळाकडे वळतो. भंगाच्या युगाशेजारी आणखी तीन शेवट असे आहेत की ज्यांत रिंग सांधली जाते, पण सांधताना तीत एक नवे कलम घातले जाते. अशा प्रत्येक कलमामागे एक माणूस असतो आणि त्याचे एक गाऱ्हाणे असते. त्या माणसाचे काम शेवटाला नेले तर त्याच्या मरणानंतर ते कलम आपल्या हाती पडते.

यांतले पहिले गोल्डमास्क या विचारवंताचे. तो एका मोडक्या पुलावर हात पसरून उभा असतो आणि संबंध खेळात एक शब्दही बोलत नाही. त्याला एक कोडे पडले आहे. ते सोडवण्यासाठी आपण राजधानीतल्या एका पुतळ्यापाशी विशिष्ट मंत्र म्हणायचा, आणि तो म्हणण्यासाठी बुद्धीचा अंक ३७ असावा लागतो. तेवढी बुद्धी कमावली की उलगडते ते असे की राणी मारिका आणि तिचा पती रॅडॅगॉन ही दोघे एकच आहेत. गोल्डमास्कचा निष्कर्ष असा की नियमांत दोष नाही, दोष नियम राबवणाऱ्या देवांच्या लहरीपणात आहे, कारण देवही माणसांइतकेच चंचल. तेव्हा नियमांतून त्यांची लहरच वगळावी. ऐकायला हे फार स्वच्छ वाटते. मला त्याची थोडी भीती वाटते, कारण ज्या नियमाशी कोणीही हुज्जत घालू शकत नाही अशा नियमाखाली मी काम केलेले आहे. पण हुशार तरुणांना हा शेवट आवडतो असे पाहिले आहे.

दुसरे फियाचे. तिच्यावर मी जास्त बोलणार आहे. मृत्यूचे कलम काढल्यामुळे आणि गॉडविनचा फक्त आत्मा मेल्यामुळे या जगात एक नवी जात निर्माण झाली: धड मेलेले नाहीत आणि धड जिवंत नाहीत असे लोक. घटनेत त्यांना जागा नाही, म्हणून त्यांना शोधून शोधून मारण्याचे व्रत घेतलेले शिकारी हिंडत असतात. फिया त्या लोकांच्या बाजूने उभी राहते. ती गावोगाव हिंडणारी वीरांगना नाही. येणाऱ्या प्रत्येकाला कवेत घेऊन त्याची थोडी ऊब मागून घेणारी एक बाई आहे, आणि तिच्याकडे लोक जरा संशयानेच पाहतात. मेलेल्या गॉडविनपासून तिला एक कलम जन्माला घालायचे आहे, म्हणजे मृत्यू पुन्हा घटनेत येईल आणि या लोकांनाही जगण्याचा हक्क मिळेल. त्यासाठी तिला हवी असते एक खूण, आणि ती खूण असते दुसऱ्याच एका स्त्रीच्या टाकून दिलेल्या शरीरापाशी. त्या दुसऱ्या स्त्रीचे नाव रॅनी. तिचे काम बरेच पुढे नेल्याशिवाय त्या मनोऱ्यावर जाता येत नाही. म्हणजे फियाला मदत करायची तर रॅनीच्या दारातून जावे लागते. शिकाऊ खेळाडू येथेच अडतात आणि फियाची वाट चुकली असे समजून निघून जातात.

मुलीला फियाचा शेवट मिळाला त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. अकरावी मागणी कोणीतरी कराराच्या शेवटच्या क्षणापर्यंत खिशात जपून आणली होती आणि बाहेर काढून टेबलावर ठेवली होती, असे मला वाटले.

तिसरे कलम डंग ईटर नावाच्या माणसाचे. नावाचा अर्थ मी व्यासपीठावर सांगत नाही. प्रत्येक जन्मणाऱ्यावर शाप असावा, म्हणजे शापित असण्यात काही वेगळे उरणार नाही, असे त्याचे तत्त्वज्ञान. त्यासाठी त्याला पाच शाप आणून द्यावे लागतात. मुलीने तो शेवट घेतला नाही, आणि मीही आग्रह केला नाही.

या खेळात पराक्रमांची नोंद ठेवणारी एक यादी असते. तिच्यात वरचे चारही शेवट मिळून एकच नोंद होते. रचनाकारांचा हिशेब स्पष्ट आहे: कलमे कोणतीही घाला, गादी तीच. स्वतंत्र नोंद आहे ती उरलेल्या दोन शेवटांना, आणि खरा वाद या दोघांतच आहे.

पहिला शेवट रॅनीचा. दोन बोटांनी तिला पुढची देवी म्हणून निवडले होते. कोणाची तरी बाहुली होऊन राज्य करणे तिला मान्य नव्हते. तिने मृत्यूचे कलम चोरवले आणि स्वतःच्या शरीराचा त्याग केला. त्याच रात्री गॉडविन मारला गेला. तिचे हात स्वच्छ नाहीत हे खेळ लपवत नाही. गंमत अशी की दुसऱ्याची बाहुली व्हायचे नाही म्हणून देह टाकणारी ही राजकन्या आता खरोखरीच एका बाहुलीच्या अंगात राहते. तिच्या चाकरीत शिरले की वाट लांब आहे. ताऱ्यांची गती रोखून धरणाऱ्या राडान या सेनापतीला हरवायचे. मग तारा कोसळून जमिनीला भगदाड पडते, आणि त्यातून खाली उतरून पाताळातल्या नगरीतून एक खंजीर आणायचा. पुढे एका नदीकाठी रॅनीची छोटी बाहुली सापडते. विसाव्याच्या जागी बसून तिच्याशी बोलायचे. ती उत्तर देत नाही. पुन्हा बोलायचे, तरी उत्तर नाही. कितीतरी जण येथे हात टेकतात. आणखी एकदा बोलले की ती लाजून तोंड उघडते. मुलगी वैतागली होती. मी तिला सांगितले की गेटवरच्या सभेत तिसऱ्या दिवसापर्यंत कोणीच बोलत नसते.

रॅनीची सोबत करणारा एक लांडग्याच्या तोंडाचा शिलेदार आहे. तो तिच्याबरोबर वाढलेला, पण त्याला घडवले होते दोन बोटांनी, तिच्यावर नजर ठेवायला. ती बंड करते तेव्हा तो तिच्याशी निष्ठावंत राहू पाहतो आणि त्या ताणात त्याला वेड लागते. शेवटी आपल्याच हाताने त्याला मारावे लागते. असा माणूस मी पाहिलेला आहे; एवढेच सांगून पुढे जातो.

शेवटी रॅनी येते, मारिकेचे डोके हातात घेते, आणि रिंग सांधण्याऐवजी नियमांची सारी सत्ताच या जगापासून दूर, ताऱ्यांच्या आणि चंद्राच्या थंड अंधारात घेऊन जाते. जपानी मूळ आणि इंग्रजी भाषांतर यांत तिच्या बोलण्याचा सूर वेगळा लागतो, आणि त्यावरून खेळणाऱ्यांत मोठा खल झाला. माझ्या मुलीच्या मते हा सर्वांत चांगला शेवट. माणसांना प्रथमच त्यांचे त्यांना सोडले. मी म्हटले, हेड ऑफिस चंद्रावर हलवले, आता जाब कोणाला विचारायचा? आमचे यावर अजून एकमत नाही.

आणि आता अग्नी. राजधानीच्या गटारांच्याही खाली, एका वेदीमागच्या मायावी भिंतीपलीकडे खोल विवर आहे. तेथे ढीगच्या ढीग प्रेते आहेत. ती फिरत्या व्यापाऱ्यांची. सबंध प्रवासात हे व्यापारी आपल्याला रस्त्याच्या कडेला एकेकटे बसलेले भेटतात, आपण त्यांच्याकडून बाण आणि दिवे विकत घेतो, आणि ते असे एकटे का याचा विचार करत नाही. त्यांच्या अंगरख्याखालच्या टिपणात ते लिहिले आहे: एके काळी त्यांचा मोठा काफिला होता, त्यांच्यावर पाखंडाचा आळ आला, आणि साऱ्या जमातीला धरून जमिनीखाली जिवंत पुरले. तेथे त्यांनी निराशेचा शाप जपला आणि त्यातून तो उन्मादाचा अग्नी आला. सर्वनाश कोठून येतो याचा पत्ता रचनाकारांनी इतका नेमका दिला आहे.

सर्वांत तळाशी एक दार आहे. अंगावरचे सगळे कपडे आणि चिलखत उतरवल्याशिवाय ते उघडत नाही. आत 'तीन बोटे' आहेत. ती मिठी मारतात, अंगभर भाजल्याचे व्रण उठतात, आणि त्या क्षणी यादीतल्या बाकी सर्व ओळी पुसल्या जातात. त्यांचे म्हणणे असे की मुळात सारे एक होते. वेगळे होणे, जन्म, दुःख, हे सगळे त्या एका चुकीतून आले. तेव्हा सारे पुन्हा वितळवून एक करावे.

एवढ्या तळाशी चांगला माणूस कशाला जाईल, असे तुम्ही विचाराल. तो चांगुलपणामुळेच जातो. सुरुवातीपासून मेलिना नावाची एक मुलगी आपल्याला सोबत करत असते. सोनेरी वृक्षाची वाट काट्यांनी बंद असते. ती उघडायची तर वृक्ष जाळावा लागतो, आणि त्याचे सरपण म्हणून ती स्वतःला देणार असते. बर्फाच्या डोंगरावर शब्रीरी नावाचा एक इसम भेटतो, एका मेलेल्या ओळखीच्या माणसाचे शरीर पांघरून. तो म्हणतो, त्या मुलीला कशाला जाळता? अग्नी तुम्ही अंगावर घ्या, सरपण तुम्ही व्हा, ती वाचेल. यात एक शब्द खोटा नाही. मेलिना स्वतः विनवते की असे करू नको. हे जग कितीही मोडके असले तरी यात जीव जन्मतात, ते राहू दे.

माझ्या मुलीने अग्नी घेतला. मी तिला थांबवायचा प्रयत्न केला, बारीक अक्षरे वाचून दाखवली. ती म्हणाली, "बाबा, तिला जाळून गादी मिळवायची, हे तुम्हाला चालतं?" माझ्याकडे उत्तर नव्हते, २००८ च्या त्या संध्याकाळीही नव्हते. शेवटी सारे जग पिवळ्या ज्वाळांत गेले. मागे उरली ती मेलिना. राखेत उभी राहून तिने कायमचा मिटलेला आपला एक डोळा उघडला, आणि ज्याने तिला वाचवले त्यालाच शोधून खरे मरण देण्याची शपथ घेतली. पडदा काळा झाला तरी मुलगी यंत्र खाली ठेवीना.

या वाटेवरून परत फिरता येते, हे ज्यांना खेळायचे आहे त्यांना सांगून ठेवतो. मिलिसेंट नावाच्या कुजत चाललेल्या एका मुलीचे काम शेवटाला न्यावे लागते, मग मलेनिया या खेळातल्या सर्वांत कठीण समजल्या जाणाऱ्या योद्धीला हरवावे लागते, तेव्हा सोन्याची एक सुई मिळते. ती घेऊन आकाशात कोसळत असलेल्या नगरीत म्हाताऱ्या ड्रॅगनच्या रणांगणावर जायचे आणि तेथे ती वापरायची. अग्नी निघून जातो, यादी पुन्हा उघडते. मात्र हे अखेरच्या निवडीपूर्वी करायचे. एकदा शेवट घेतला की त्या प्रवासात दुसरा घेता येत नाही. संगणकावर खेळणारे लोक मारिकेला हात लावण्यापूर्वी आपल्या नोंदीची प्रत करून ठेवतात आणि पाच शेवट एका रात्रीत पाहतात. आमच्या घरी तसे केले नव्हते. मुलीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. परवा मी येथे येण्याची टिपणे काढत होतो तेव्हा ती नदीकाठी बसून त्या बाहुलीशी बोलत होती, आणि बाहुली अजून उत्तर देत नव्हती.